शॉक, सरप्राइज, अपॉल: धक्क्याचे इंग्रजी शब्द कुठून आले आणि कुठला कुठे वापरायचा

पहिल्या नोकरीत असताना एका परदेशी क्लायंटच्या टीमने आमचं अडकलेलं काम एका रात्रीत सोडवून दिलं आणि मी सकाळी मोठ्या उत्साहात थँक्यूची मेल लिहायला बसलो. "सरप्राइज्ड" फारच शाळकरी वाटत होतं, म्हणून त्या शब्दावर राइट क्लिक करून सिनॉनिम्स उघडले, त्यातला दिसायला सगळ्यात वजनदार होता तो उचलला आणि ठोकून दिलं की तुमचा स्पीड बघून आम्ही अपॉल्ड झालो आहोत. सगळ्यांना सीसी. अर्ध्या तासात मॅनेजर खुर्ची सरकवत माझ्या डेस्कपाशी आला आणि हळूच म्हणाला, "अरे, तू आभार मानतोयस की शिव्या देतोयस?" अपॉल्ड म्हणजे वाईट धक्का, शी हे काय चाललंय असं वाटायला लावणारा. पुढे दोन वर्षं ऑफिसात माझं नाव अपॉल्ड होतं.

तेव्हापासून हे शब्द एकेक करून खोदायची सवय लागली. या शब्दांच्या पोटात एकेक चित्र असतं, धक्का बसला तेव्हा शरीराचं नेमकं काय झालं त्याचं. चित्र कळलं की शब्द चुकत नाही, आणि न कळता नुसती सिनॉनिम्सची यादी पाठ केली तर माझं झालं तेच होतं. खाली मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो. एक वही घ्या, तीन रकाने आखा: शब्द, त्यातलं चित्र, आणि जवळची मराठी बोली.

आधी मराठीत मोजून घ्या

इंग्रजीला हात लावायच्या आधी आपल्याकडचे शब्द काढा. तोंडात बोट घातलं, आ वासला, डोळे पांढरे झाले, चेहरा पांढराफटक पडला, बोबडी वळली, अंगावर काटा आला, तोंडचं पाणी पळालं, पायाखालची जमीन सरकली, जागच्या जागी थिजला. सगळीकडे शरीर आहे बघा, नुसतं "मला आश्चर्य वाटलं" कोण बोलतंय.

हे आपल्याकडे फार आधी कोणीतरी व्यवस्थित मांडून ठेवलंय. नाट्यशास्त्रात भरतमुनी आठ सात्त्विक भाव सांगतात, म्हणजे भावना दाटली की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे खांबासारखं ताठरणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कापरं, रंग उडणं, डोळ्यात पाणी आणि शुद्ध हरपणं. मी ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली, कारण इंग्रजीतले धक्क्याचे बरेच शब्द यातल्याच कुठल्यातरी खणात जाऊन बसतात. घाम आणि अश्रूंचे खण मात्र माझ्याकडे रिकामेच राहिले, कोणाला सापडलं तर भरा.

दुसरी पायरी: गडगडाटाचं घराणं

सुरुवात ॲस्टॉनिशपासून करा कारण त्याच्याबरोबर दोन भावंडं फुकट मिळतात. लॅटिनमध्ये टोनारे म्हणजे मेघ गडगडणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये एस्टोनेर झालं, म्हणजे वीज अंगावर पडल्यासारखं करून टाकणं, आणि तिथून इंग्रजीत ॲस्टॉनिश, ॲस्टाउंड आणि स्टन हे तिघे आले. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये अजून जुनं रूप ॲस्टॉनीड असंच दिसतं, नबुखद्नेस्सर राजा आगीच्या भट्टीत तीनाऐवजी चार माणसं फिरताना बघतो तिथे. स्फोटाचा डिटोनेटरसुद्धा याच टोनारेचा.

आता आपल्या घरची गंमत. लॅटिन आणि संस्कृत एकाच जुन्या भाषेच्या लेकी, म्हणून त्याच मूळ धातूवरून संस्कृतात स्तनित म्हणजे ढगांचा गडगडाट आणि स्तनयित्नु म्हणजे गरजणारा मेघ. बृहदारण्यक उपनिषदात देव, माणसं आणि असुर प्रजापतीकडे शिकायला जातात आणि तो प्रत्येकाला फक्त "द" एवढंच सांगतो, देवांसाठी दमन, माणसांसाठी दान, असुरांसाठी दया, आणि शेवटी म्हटलंय की तीच दैवी वाणी अजून स्तनयित्नु बोलतो, द द द. मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो की रात्री वाट चालणाऱ्या बायका घाबरतील, तिथे फार गडगडू नकोस, तिथेही शब्द स्तनितच आहे. इंग्रजी थंडर, जर्मन डोनर आणि तो हातोडावाला थॉर, सगळे याच खानदानातले. थॉरचा वार म्हणून थर्सडे. म्हणजे ॲस्टॉनिश्ड म्हणताना आपण नकळत "माझ्या डोक्यावर ढग गडगडला" असं म्हणत असतो. आपल्याकडचं "वज्राघात झाला" हे चित्र अगदी शेजारचंच, फक्त ते आपण दुःखालाच लावतो.

वापर असा: ॲस्टॉनिश्ड बऱ्यावाईट दोन्हीला चालतो पण धक्का मोठा हवा, बस पाच मिनिटं लवकर आली म्हणून कोणी ॲस्टॉनिश्ड होत नाही. ॲस्टाउंडेड त्याहून एक पायरी वर. स्टन्डमध्ये हालचाल बंद पडते, माणूस सुन्न होतो, म्हणून दुःखद बातमीलाही चालतो आणि क्रिकेटच्या निकालालाही. पण स्टनिंग झालं की अर्थ एकदम गोड, अतिशय देखणं. "शी इज स्टन्ड" आणि "शी इज स्टनिंग" यात जमीनअस्मानाचा फरक आहे, लग्नाच्या फोटोखाली कमेंट टाकताना बघून टाका.

तिसरी पायरी: सरप्राइज म्हणजे छापा

सरप्राइज ऐकलं की आपल्याला केक आणि फुगे आठवतात, पण पंधराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा हा लढाईतला शब्द होता. फ्रेंचमध्ये सुर म्हणजे वरून आणि प्रांद्र म्हणजे धरणं, शत्रूला बेसावध गाठून वरून झडप घालणं, म्हणजे सरळ छापाच. त्याच धरण्यावरून प्रिझनही आला. वाढदिवसाला लाइट बंद करून दारामागे लपणारी मंडळी आजही तेच करतात म्हणा, बिचाऱ्याला बनियनवर पकडतात.

डिक्शनरीकार नोआ वेब्स्टर यांच्यावर एक किस्सा सांगतात, काही जण तोच सॅम्युअल जॉन्सन यांच्यावर ढकलतात, म्हणजे बहुधा रचलेलाच. बायकोने नवऱ्याला मोलकरणीचा मुका घेताना पकडलं आणि म्हणाली, मी सरप्राइज्ड आहे. तो शांतपणे म्हणाला, नाही बाईसाहेब, सरप्राइज्ड मी आहे, तुम्ही ॲस्टॉनिश्ड आहात. पकडला गेला तो सरप्राइज्ड आणि वीज पडली ती ॲस्टॉनिश्ड. किस्सा खोटा असला तरी या दोन पायऱ्या एकदम डोक्यात बसतात.

चौथी पायरी: वाट चुकलेले शब्द

अमेझच्या पोटात मेझ आहे, म्हणजे भूलभुलैया. पण क्रम उलटा आहे, आणि मला हे कळलं तेव्हा मी खरंच थांबून दोनदा वाचलं. आधी जुन्या इंग्रजीत अमासियन म्हणजे बुद्धी बधिर करणं. त्यातून मेझ म्हणजे भ्रम, गोंधळलेली मनःस्थिती, आणि चौदाव्या शतकाच्या सुमाराला त्या मनःस्थितीवरून कुंपणांच्या वळणावळणांच्या वाटांना मेझ म्हणायला लागले. हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यातला झुडपांचा प्रसिद्ध मेझ तर सतराव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे आधी डोकं चक्रावलं, मग बागेला नाव पडलं.

आपल्याकडे याचा सख्खा भाऊ म्हणजे चक्रावणं, आणि जरा पुस्तकी बोलायचं तर दिङ्मूढ, दिशाच न कळणारा. बिविल्डर्डमध्येही तेच, वाट नसलेल्या रानात नेऊन सोडणं. फरक एवढाच की अमेझ्ड आज बहुतेक वेळा आनंदाने म्हणतात आणि बिविल्डर्डमध्ये अजून रान शिल्लक आहे, माणूस खरोखर बावरलेला असतो. सरकारी फॉर्म बघून बिविल्डर्ड, नातवाचं चित्र बघून अमेझ्ड.

इथेच स्ट्युपिड टिपून घ्या. लॅटिन स्टुपेरे म्हणजे धक्क्याने बधिर होणं. त्यातून स्टुपेंडस, म्हणजे बघून बधिर व्हावं इतकं प्रचंड, आणि स्ट्युपिड, जो आधी फक्त सुन्न झालेला माणूस होता. नंतर कायमचाच सुन्न राहणारा तो मठ्ठ. मराठीत मूढ शब्दाचं अगदी हेच झालं की, दिङ्मूढ होणं ही वेळेपुरती अवस्था आणि नुसता मूढ म्हटलं की कायमचा शिक्का.

पाचवी पायरी: आता शरीर, एकेक खण

रंग उडणं, म्हणजे वैवर्ण्याच्या खणात माझा लाडका अपॉल. जुन्या फ्रेंचमध्ये अपालीर म्हणजे फिकट पडणं, आतमध्ये साधा पेल बसलाय. चेहरा पांढराफटक पडला. थँक्यू मेलमध्ये मी क्लायंटला काय लिहिलं होतं ते आता कळलं ना, तुमचं काम बघून आमची तोंडं पांढरी पडली. अपॉल्ड फक्त वाईटालाच लावायचा, तोही जिथे नैतिक संताप आहे तिथे: हॉस्पिटलमधली घाण, जनावरांचे हाल, कोणाचं तरी निर्लज्ज वागणं.

रोमांचाच्या खणात हॉरर. लॅटिन हॉरेरे म्हणजे केस ताठ उभे राहणं. आणि संस्कृतातला त्याचा नातेवाईक कोण, तर हृष् धातू, ज्यावरून आपला हर्ष झाला. पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पण हर्षचा मूळ अर्थ केस उभे राहणं हाच, आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो की अंगाला कापरं भरलंय, रोमहर्ष होतोय, तेव्हा तो आनंदाने म्हणत नसतो, समोर काका, आजोबा आणि गुरू उभे असतात. काटा भीतीनेही येतो आणि लताबाईंचा वरचा सूर ऐकूनही येतो. इंग्रजीने त्यातली भीती ठेवली, आपण आनंद ठेवला.

वेपथु म्हणजे कापरं, तिथे टेरर. लॅटिन टेरेरे आणि संस्कृत त्रस् एकाच मुळाचे, थरथरणं. त्रस् वरून त्रास, ज्याचा संस्कृतातला अर्थ सरळ भीती असा आहे. मराठीत येईपर्यंत त्याची धार गेली, आता डासांचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास, गॅसेसचा त्रास. कुठे टेरर आणि कुठे गॅसेस.

स्तंभाच्या खणात पेट्रिफाइड, ग्रीक पेट्रा म्हणजे खडक, भीतीने दगड झालेला. हा फक्त भीतीसाठीच, आश्चर्याला लावू नका. स्वरभंगाच्या खणात डम्फाउंडेड, सतराव्या शतकात डम्ब आणि कन्फाउंड जोडून केलेला, म्हणजे शब्दशः आपला अवाक्, वाचाच गेलेला. गॉबस्मॅक्ड तर विसाव्या शतकातली ब्रिटिश बोली, गॉब म्हणजे थोबाड आणि स्मॅक म्हणजे चापट, मित्रांत बोलायला झकास पण इंटरव्ह्यूत नको.

स्टार्टल छोटा आहे पण रोजच्या कामाचा. मूळ अर्थ लाथा झाडत उडी मारणं, बिथरलेल्या घोड्यासारखं. आपलं दचकणं. कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही दचकलात तर स्टार्टल्ड, तिथे शॉक्ड म्हणायची गरज नाही. संस्कृत चकितसुद्धा मुळात असाच दचकलेला, घाबरलेला, मेघदूतातल्या यक्षाच्या बायकोची नजर चकित हरिणीची आहे म्हणजे ती हरिणी काही जादूचे प्रयोग बघून खूश झालेली नाही.

अगास्टमध्ये भूत आहे. जुन्या इंग्रजीत गास्ट म्हणजे आत्मा, तोच पुढे घोस्ट. त्यातला बिनकामाचा एच कुठून आला तर छापखान्यातून: विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्याआधी बरीच वर्षं ते आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजला होते, आणि तिथल्या फ्लेमिश भाषेत भुताच्या स्पेलिंगमध्ये एच असायचा, तो इंग्रजी घोस्टला चिकटला. अगास्टलाही पुढे तो लागला. पोरांना स्पेलिंग पाठ करताना शिव्या द्यायच्या असतील तर कुणाला ते आता माहीत झालं.

सहावी पायरी: खुद्द शॉक

हा आपला सगळ्यात वापरातला आणि सगळ्यात जास्त गैरवापर होणारा. फ्रेंचमध्ये choc, उच्चार शॉकच, म्हणजे टक्कर. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तो दोन फौजांची समोरासमोर धडक म्हणून, मनाबिनाचा संबंध नव्हता. म्हणजे मराठी धक्का हे अगदी तंतोतंत भाषांतर आहे, आपणही रेल्वेत धक्का देतो आणि बातमीनेही धक्का बसतो.

विजेला तो चिकटला लेडनच्या बरणीमुळे, म्हणजे वीज साठवायच्या काचेच्या बरणीमुळे. नेदरलँड्समधल्या लेडनला मुशेनब्रूक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात त्या बरणीत साठलेली वीज अंगातून गेली, आणि त्यांनी १७४६ मध्ये पत्रात लिहिलं की अख्खं फ्रान्सचं राज्य दिलंत तरी पुन्हा हे करणार नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ॲबे नोले या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपाई हातात हात धरून उभे केले आणि त्यांच्यातून ती वीज सोडली, सगळे एकदम उडाले. राजाला फार मजा आली म्हणतात, शिपायांना कोणी विचारलं नाही. पुढे पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांखाली मोडून पडलेल्या सैनिकांसाठी शेल शॉक आला, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तो १९१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. आणि डॉक्टर म्हणतात पेशंट शॉकमध्ये आहे तेव्हा त्याला आश्चर्य वाटलेलं नसतं, त्याचं रक्ताभिसरण कोसळलेलं असतं. नातेवाइकांनी "कशाचा शॉक बसला" विचारत बसू नये, पळापळ करावी.

वापर: शॉक्ड बहुतेक वेळा वाईटालाच. चांगल्या बातमीला वापरला की ऐकणाऱ्याला शंका येते की तुला हे पटलेलं दिसत नाही. मित्राच्या प्रमोशनवर "आय ॲम शॉक्ड" लिहिलंत तर त्याचा अर्थ "तुला? कसं काय?" असाच होतो. आणि "आय ॲम शॉकिंग" तर चुकूनही नको, म्हणजे मीच धक्कादायक आहे. एड लागला की ज्याला बसला तो, इंग लागला की ज्याने दिला तो.

सातवी पायरी: धार गेलेले आणि गमतीचे

टेरिफिक एके काळी भयानक होता, टेररचाच पोरगा, आज "खूपच छान". ऑफुल आणि ऑसम दोघेही ऑ या भीतीयुक्त आदराच्या पोटचे, पण एक वाया गेला आणि एक कॉलेजात हिरो झाला. हे विचित्र वाटत असेल तर स्वतःचं बोलणं ऐका: भयंकर सुंदर, जबरदस्त, "मला भयानक आवडलं". अरबीतला हैरान म्हणजे गोंधळलेला, हिंदीत चकित, आणि मराठीत हैराण म्हणजे उन्हाने नाहीतर पोरांनी दमवलेला.

फ्लॅबरगास्टेड १७७२ च्या ॲन्युअल रजिस्टर या ब्रिटिश वार्षिकात नवीन फॅशनचा शब्द म्हणून दिसतो, बोअर्डच्या जोडीने. फ्लॅबी आणि अगास्ट यांची खिचडी असावी असं म्हणतात पण जन्माचा दाखला सापडलेला नाही. गमतीत वापरा, शोकपत्रात नको.

नॉनप्लस्डपासून मात्र लांबच रहा. लॅटिन नॉन प्लस म्हणजे "आता पुढे काही नाही", बोलतीच बंद. पण अमेरिकेत बरेच जण तो "ढिम्म फरक न पडलेला" अशा उलट्या अर्थाने वापरतात, म्हणजे तुम्ही काहीही लिहा, अर्धी दुनिया उलटं वाचणार.

आठवी पायरी: स्वतः खोदताना

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे, तिथून सुरू करा. नोंदीत शब्दाआधी फुलीसारखा तारा दिसला तर समजा की ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषातज्ज्ञांनी तुलना करून बांधलेलं आहे. सालं दिसतात ती सापडलेल्या पहिल्या लेखी वापराची, त्या दिवशी शब्द जन्मला असं नव्हे. मराठी बाजूला मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येते, आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ती कोश. संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश.

आणि नुसत्या आवाजावर जाऊ नका, मी दोनदा आपटलोय. अमेझ आणि मजा एकच असणार असं मी एकाला छातीठोक सांगितलं होतं, तर मजा फारसीतून आलीय, मूळ अर्थ चव. स्टन आणि स्तब्ध जुळे वाटतात पण स्तब्ध स्तंभ-वाल्या धातूचा आणि स्टन गडगडाटाचा. उलट जिथे आवाज जुळत नाही तिथे खरं नातं निघतं: मिरॅकल आणि विस्मय. लॅटिन मिरुस म्हणजे नवलाचं, ते स्मितातल्या स्मि धातूच्या मुळाशी जोडतात, विस्मयात तोच स्मि, आणि इंग्रजी स्माइलही तिथलंच. मार्व्हल, ॲडमायर सगळे याच रांगेत. ॲडमिरल नाही, तो अरबी अमीर.

वही भरत आली की एक काम करा, प्रत्येक शब्दाला आजच्या दिवसातला एक प्रसंग लावा. माझ्या वहीत काल लिहिलेलं: दूधवाल्याची बेल, स्टार्टल्ड. वीजबिल, ॲस्टॉनिश्ड. मुलीने स्वतःहून ताट उचललं, फ्लॅबरगास्टेड. अपॉल्डच्या पुढे अजून जुनी मेलच चिकटवलेली आहे, प्रिंट काढून, सीसीतल्या सगळ्या नावांवर काळं मार्कर फिरवून.